धाकटीची बोटं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सुतार माणूस... लाकूड मापात बसतं किंवा बसत नाही, एवढंच मला कळतं. चार वर्षं हे कुणाला बोललो नाही, कारण त्यात चूक माझीच आहे.

कतारमधल्या उम्म सलालच्या वर्कशॉपमध्ये मी फ्रेम बनवतो. एका कतारी मॅडमच्या घरून चित्र आलं — लाकडी फळीवर रंगवलेल्या दोन लहान बहिणी, एकोणिसाव्या शतकातल्या. काय काम होतं! मोठीच्या झग्याची लेस चिमटीत धरावी अशी, धाकटीच्या ओठांवर दाबलेलं हसू. मोठीचे हात मांडीवर. धाकटीचा एक हात बाजूला लांबवलेला, बोटं फ्रेमखाली गेलेली.

जुनी फ्रेम उकलली होती. नवीसाठी माप घेतलं, ते समोरून दिसतं तेवढ्याचंच. फ्रेमखाली दबलेला भाग विसरलो! फळी बसेना. बाहेरून आमचा सुपरवायझर अँथनी — वसईचा — ओरडत होता, "यल्ला, लवकर मेस्त्री, गाडी उभी आहे! फ्रेम करतोस की देव्हारा?"

दार अडलं की सुतार दारच कापतो. मी तेच केलं. करवतीनं चित्राच्या फळीची कडेची बोटभर पट्टी काढली... आणि मग पाहिलं. पट्टीवर धाकटीच्या चार बोटांची टोकं होती. फ्रेमखाली कुणाला दिसणार नव्हती, तरी चित्रकारानं नखंसुद्धा रंगवली होती.

पट्टी मी हत्यारांच्या पेटीत लपवली.

पंधरा दिवसांनी हुक तपासायला मॅडमकडे गेलो, भर दुपारी. भिंतीवरचं चित्र पाहिलं. मोठीनं धाकटीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. पाचही बोटं पूर्ण. रंगकाम तितकंच नाजूक, कुठे जोड नाही. फ्रेमच्या मागे मी लावलेली टेप जशीच्या तशी.

"हे असं नव्हतं," मी म्हणालो.

"आधीपासून असंच आहे रे. चष्मा बदल, मेस्त्री!" सोबतचा अँथनी हसला.

गेल्या महिन्यात राहवलं नाही. नोकरी जाणार हे धरूनच मॅडमसमोर पट्टी ठेवली, मोडक्या हिंदीत सगळं कबूल केलं. त्यांनी पट्टी चित्राशेजारी धरली. बराच वेळ पाहिलं.

"लेकिन इसका तो कुछ नहीं गया," म्हणाल्या, आणि पट्टी मला परत दिली.

उलगडा आजही नाही. ती चार नखं अजून माझ्या पेटीत आहेत. आणि हुक तपासायला गेलो की, का कोण जाणे... मला पाहून मोठी तो हात जरा घट्ट धरते, असं वाटतं.