निष्काळजी ड्रायव्हरची पाटी

साखर कारखान्याच्या फाटकाशी आमचं इंजिन आता चौथऱ्यावर उभं केलंय. त्याला पोपटी रंग फासलाय. पोपटी! आयुष्यभर ज्यानं शेतांतून ऊस ओढून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत आणला, ज्याला काजळी आणि वंगण सोडून दुसरा रंग ठाऊक नव्हता, त्याच्या तोंडावर आता दोन डोळे आणि हसरे ओठ काढलेत. कोळशाच्या पेटीत शेवंतीच्या कुंड्या. पोरं येतात, फोटो काढतात, जातात. इथवर मी गप्प होतो. म्हटलं, भंगारात जाण्यापेक्षा बरं.

पण मग त्यांनी पाटी लावली. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे हे इंजिन निकामी झाले.'

मला ते कळलं चाचांच्या मुलीच्या फोनवरून. चाचा म्हणजे त्या इंजिनाचे ड्रायव्हर, आणि मी त्यांचा फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा. आता ते नव्वदीला टेकलेत, केडगावला मुलीकडं असतात. तिच्या पोरीच्या शाळेची सहल कारखान्यावर गेली. हे माझ्या नानांचं इंजिन, असं सगळ्यांना सांगत गेलेली पोर. बाईंनी पाटी मोठ्यानं वाचली आणि ती खाली मान घालून उभी राहिली.

"मामा, अब्बांना अजून सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "पण इंजिन बघायला न्या म्हणून रोज मागं लागलेत. आता काय करू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निकामी म्हणे! अरे, त्या प्रसंगानंतर आठवड्याभरात ते पुन्हा रुळावर होतं, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत दर हंगामाला धावलं. मला विचारा ना, पुढं ते मीच चालवलं.

झालं होतं ते असं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते एका काचेच्या नळीत दिसतं. फडावर निघण्याआधी फायरमननं ती नळी धुवायची, ही आमच्याकडची रीत. वरचा, खालचा कॉक म्हणजे तोटी फिरवायची, घाण काढायची, आणि दोन्ही कॉक परत उघडायचे. त्या दिवशी धुतल्यावर खालचा कॉक मी बंदच ठेवला. गव्हाण रिकामी, ऊस आणा म्हणून फोनवर फोन, त्या गडबडीत राहिलं. काचेत पाणी दिसत होतं, पण ते अडकलेलं. आतलं पाणी केव्हाच खाली गेलं होतं. पडताळायला दुसरी काच असते, पण ती फुटून महिना झाला होता आणि स्टोअरवाले आज देतो, उद्या देतो करत होते. त्यांचं नाव नाही बरं का त्या पाटीवर!

पाणी असं खाली गेलं की भट्टीच्या माथ्यावरचं शिशाचं बूच वितळतं आणि वाफ सुटून आग विझवते. तसंच झालं. मोठा आवाज, डोळ्यांपुढं पांढरं. आम्ही दोघं उड्या मारून बाजूच्या उसात पडलो. वाफ ओसरल्यावर चाचा एकटेच वर चढले. मी सरीत पडल्या पडल्या पाहिलं. त्यांचं लक्ष कॉककडं गेलं, क्षणभर ते थांबले, आणि त्यांनी तो गुपचूप सरळ करून उघडला. साहेब आले तेव्हा म्हणाले, "पान्याकडं माझंच ध्यान न्हवतं." तसंच लिहून सही दिली.

त्यांना इंजिनावरून काढलं. निवृत्त होईपर्यंत शेडमध्ये नळ्या घासत होते. त्यांच्या जागी मी बसलो. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी कच्ची होती, हे खरंय. पण कच्ची नोकरी पक्की झाली, पोरं मोठी झाली, मी पेन्शनीत निघालो, तरी माझं तोंड उघडलं नाही.

हे सगळं पोटात घेऊन मी कारखान्याच्या ऑफिसात आरडाओरडा करायला गेलो. "कुणी लिहिलं हे? लाज वाटत नाही?" मी टेबलावर हात आपटला. तरुण साहेब होता, त्यानं आधी पाणी दिलं. मग जुनी फाईल उघडून चाचांची सही दाखवली. "काका, त्यांनीच कबूल केलंय. मी कशावर बदलू?"

कशावर! मी कागद मागितला आणि तिथंच लिहून काढलं. कॉक मी बंद ठेवला, ड्रायव्हरनं माझ्यासाठी अंगावर घेतलं. साहेबानं दोनदा वाचलं. म्हणाला, त्यांची सही आणा, पाटी उतरवतो.

मी तडक केडगावला गेलो. चाचा खाटेवर बसले होते. पाटीचं सांगितलं. हात हलवून म्हणाले, "लिहू दे. मला काय फरक पडतोय?" मग मी कागद पुढं केला. "चाचा, तुम्ही कॉक सरळ केलात ते मी पाहिलं होतं."

त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं.

"तू बघितलं हुतं?"

"व्हय."

"मला वाटलं, तुला म्हाईतच न्हाई. म्हाईत झालं तर पुन्हा भट्टीसमोर हुबा ऱ्हायचा न्हाईस, म्हनून तुला बी कधी बोललो न्हाई." कागदाची घडी घालून त्यांनी ती परत उघडली. "आन् तू रोज शेडात येऊन मला सलाम करत हुतास."



त्यांनी मुलीकडून पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. कागद माझ्या हातात दिला.

"पाटी बदलली की पोरगी न्येईल मला," ते म्हणाले. "तू येऊ नको."