आबांना सांगितलेली चव

प्रशिक्षणासाठी बंगळूरला गेलो होतो, तेव्हा हॉटेलसमोरच्या एका छोट्या जागेत मी आयुष्यातली पहिली बिअर घेतली. ती तिथंच बनवत. काचेपलीकडं तांब्याची मोठाली पिंपं दिसत होती. मला यातलं काही कळत नाही, असं वाढणाऱ्या मुलीला सांगितलं, तर तिनं आधी चवीपुरती ओतून दिली. या बिअरला ब्राऊन एल म्हणतात, म्हणाली. रंग काकवीसारखा. आवडली, म्हणून ग्लासभर मागवली.

तेवढ्यात जळकोटहून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, व्हिडिओ कॉल आला.

मी धाराशिवला कॉलेजात गेलो, त्या वर्षी आबांनी तुळजापुरात कवड्यांची माळ गळ्यात घातली आणि दारू सोडली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्या माळेमुळं झालो, असं मी आजही मानतो. ग्लास बाजूला सारता आला असता. पण या माणसाशी खोटं बोलायचं जिवावर आलं.

"आबा, बिअर घेतलीय. पहिल्यांदाच."

आबांनी फोन तसाच चालू खाली ठेवला. मला नुसते घराचे पत्रे दिसत राहिले. आता ते माझ्याशी नीट बोलतील की नाही, एवढंच मनात. मागून आई विचारत होती, माळ कशापायी काढली म्हणून. मग आबा पुन्हा दिसले. गळा मोकळा होता. माळ अंगावर असताना ते दारूचं नावही काढत नसत.

"कशी लागती रं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं, आधी करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी, मग गुळाच्या कढईतल्या खरवडीसारखी, शेवटी जिभेवर जरा कडू. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"आमची नुसती जाळत जायची. चव कुणी बघितली?"

बापलेकाला दुसरा इषयच न्हाय, असं आई मागून म्हणाली. आबा हसले आणि माझ्यासोबत कोण आहे ते विचारलं. एकटाच आहे, म्हटलं.

"म्या बी एकटाच बसायचो," ते म्हणाले. "सावकाश घे. म्या हाय."

मग तुरीला फुलं लागल्याचं, मोटार बिघडल्याचं, शेजारच्या लग्नाचं सांगत राहिले. मधेच विचारलं, "संपली?"

"संपली, आबा."

"मंग आता जेव."