कांगचं जपानी वाचन

जावाच्या डोंगरातल्या वोनोसोबोच्या बाजारामागे, चढावर, वुर्यानीचं गेमचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चार टीव्ही, खाली चटया, आणि खिडकीशी तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळायचा स्टोव्ह. शाळा सुटली की पोरं दाराशी चपला भिरकावून आत घुसतात, आणि एखादा नवा गेम आलेला असला तर आधी विचारतात, "बू वुर," म्हणजे वुरकाकू, "कसा आहे?"

कारण दुकानात आलेला प्रत्येक गेम वुर्यानी आधी स्वतः खेळते. चाळिशीकडे झुकलेली बाई, अंगात लोकरीची बंडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिचं मत पोरांना पटतंच असं नाही, पण ऐकायला सगळ्यांना हवं असतं.

लढाईच्या गेमबद्दल ती म्हणाली होती, "आवाज झकास आहे. पण इतकी माणसं मेली आणि रडायला एकही बाई आली नाही. मला नाही पटलं." बर्फात मारामारी करणारी एक उघड्या दंडांची मुलगी होती. तिला पाहून ती चक्क वैतागली. "हिला आधी स्वेटर घाला कुणीतरी!" वोनोसोबोत सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते, तिथे हा विनोद नव्हे. मोटारींच्या शर्यतीत तिचा नंबर कायम शेवटचा. एका वळणावर समुद्र दिसतो, तिथे ती गाडी थांबवते.

"बू वुर, मागून गाड्या येतायत!"

"येऊ देत. त्यांना समुद्र रोजचा असेल."

शेतीच्या गेममध्ये बटाटा तीन दिवसांत उगवला तेव्हा तिने जॉयस्टिक खालीच ठेवली. "हे बनवणारा नुसता बटाटे खाणाराच दिसतो." आणि मासे पकडायचा गेम, जो पोरं कधीच मागत नाहीत, तो तिचा सगळ्यात लाडका. "त्यात काहीच होत नाही रे. म्हणून तर बरं वाटतं."

पण आयुष्यात पहिल्यांदा खेळलेल्या गेमबद्दल ती कुणाशी बोलत नसे. तो तिने एकटीने खेळलेलाच नव्हता.

मामाकडे दुरुस्तीला आलेलं आणि कुणी परत न नेलेलं एक गेमचं मशीन लहानपणी त्यांच्या घरी आलं. बरोबर एकच सीडी, तीही जपानी. पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं. वुर्यानी दहा वर्षांची, आणि तिचा मोठा भाऊ गियार्तो, तिचा कांग, सतरा-अठराचा. कांग ती अक्षरं घडाघडा वाचून दाखवायचा. गेममधला, कंदील घेऊन निघालेला मुलगा हरवलेला रेडा शोधतोय. विहिरीवरची म्हातारी त्याला म्हणते, "पोरा, जेवलास का?" मुकुट घातलेला माणूस राजा नाही, चिकट स्वभावाचा नूडल्सवाला आहे. कांगला जपानी कुठून आलं, हे विचारावंसं वुर्यानीला कधी वाटलंच नाही. कांगला सगळंच येत असे.

मग कांग कामासाठी मलेशियात, सबाहला गेला, तेलताडाच्या मळ्यात. एक-दोन वर्षांसाठी म्हणून गेला, तो वीस वर्षं तिकडेच राहिला. आई गेली तेव्हाही त्याला येता आलं नाही. आता परत आला होता, कानशिलं पांढरी झालेली, पाठ थोडी वाकलेली. आणि धाकट्या बहिणीशी वरची बोली बोलत होता.

जावामध्ये घरच्यांसाठी एक बोली असते आणि पाहुण्यांसाठी दुसरी. धाकट्याने थोरल्याशी अदबीने बोललं तर ठीक, यांच्या घरात तेही कधी नव्हतं. पण थोरल्या भावाने बहिणीला 'आपण' म्हणावं?

"आपल्याला त्रास नको, चहा मी करून घेईन."

"आपलं जेवण झालं का?"

प्रत्येक 'आपण'बरोबर वुर्यानीला वाटे, हा माणूस दाराबाहेरच उभा आहे. आईचं सगळं हिने एकटीने केलं याची त्याला लाज वाटते, हे तिला कळत होतं. पण "कांग, सोड ते" म्हणायचं तर कसं? पाहुण्याला असं म्हणता येत नाही. त्यातच एका सकाळी तो म्हणाला, "बस थांब्याजवळ एक खोली आहे. उद्या बघून येतो. माझ्यामुळे आपली इथे फार गैरसोय होते."

"होते खरी," ती चिडून म्हणाली, आणि मग सकाळभर स्वतःवरच चिडून राहिली.

तो जुना गेम नव्या रूपात, आपल्या भाषेतल्या अक्षरांसह नुकताच बाजारात आला होता. वुर्यानीने तो त्याच सकाळी लावला. विहिरीवरची म्हातारी समोर आली, तिच्या तोंडाखाली स्वच्छ शब्द उमटले: 'उत्तरेच्या बुरुजात राक्षस आहे.' मुकुटवाला खरोखरच राजा होता. मुलगा तलवार शोधत होता. रेड्याचा कुठे पत्ताच नाही.

ती आधी मोठ्याने हसली. मग चष्मा काढून पुसत बसली. तेव्हा शाळेतून आलेली, आईची बोलणी खाल्लेली एक मुलगी, म्हणजे ती स्वतः, कांगच्या शेजारी बसलेली असायची. तिच्यासाठी कांगने अख्खं गाव बोलकं केलं होतं.

दुपारी पोरं यायच्या आधी तिने गेम पुन्हा पहिल्यापासून लावला. गियार्तो मागे बसून मोडक्या स्टुलाचा पाय ठोकत होता.

"कांग, बघतोस?"

"आपण खेळा. मी इथून बघतो."

तिने खेळायला सुरुवात केली आणि मोठ्याने वाचू लागली. पडद्यावर म्हातारीच्या तोंडी राक्षस, आणि ती वाचते आहे, "पोरा, जेवलास का?" मागची ठोकाठोक थांबली. राजाने राज्यावरचं संकट सांगितलं. ती म्हणाली, "उधारी बंद! काल तू दोन वाट्या नूडल्स खाल्ल्यास."

गियार्तोला वाचता येत होतं. पडद्यावर काय लिहिलंय ते त्याला दिसत होतं, आणि तिलाही दिसतंय हे त्याला समजलं होतं. तिने मान वळवली नाही. गुराख्याशी बोलताना ती पुढे वाचू लागली, "माझा रेडा पाहिलास का? काळा, कपाळावर चांदणी, आणि दोन्ही शिंगं–"

"एक शिंग!" मागून आवाज आला. "एकच शिंग होतं त्याला. दुसरं वडाला धडकून मोडलं. किती वेळा सांगायचं गं तुला, वुर? लक्ष कुठे असतं तुझं?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. हातोडी हातातच राहिली.

"डावं की उजवं?" वुर्यानीने विचारलं. 

"...डावं." तो उठून तिच्या शेजारी चटईवर बसला. "आण इकडे. अशी काय चालवतेस त्याला? भिंतीला आपटतोय बिचारा."

"तूच शिकवलंस."

"मी असलं नव्हतं शिकवलं."

शाळा सुटली, पोरं आली. तो टीव्ही आज मिळणार नाही, असं तिने त्यांना दारातच बजावलं. तळलेले तेंपे दोघांच्या मध्ये गार होत होते. पडद्यावरचा मुलगा लाकडी पुलापाशी आला. त्यांची जुनी सीडी नेमकी इथेच अडकायची. पुलापलीकडे काय आहे ते दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

पूल पार झाला. पलीकडे एक नावाडी उभा होता, आणि त्याच्या तोंडाखाली चार ओळी साध्या, आपल्या भाषेत आल्या. वुर्यानीने त्या वाचल्या नाहीत. चष्मा काढून तिने मांडीवर ठेवला.

"काय म्हणतोय रे हा?"

गियार्तोने पडद्याकडे पाहिलं.

"उद्या खोली बघायला कितीला निघायचंय तुला?" तिने हळूच विचारलं.

"गप्प बस गं जरा," तो म्हणाला, पुढे सरकला, घसा साफ केला. "हा काय म्हणतोय ते आधी वाचू दे."