मास्तरच्या धाब्यावर उगवलेली कपाशी

धाब्याचं छप्पर घालनारा माह्यासारखा गडी अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात दुसरा नव्हता. उभ्या जन्मात मी एकच छप्पर घातलं, अन् त्याच्यातून पह्यल्यांदा खाली पडलो तोबी मीच.

हे मी तोंडानं सांगून राहिलो, लिहून घेनारा दुसरा हाये. मले फक्त अंगठा येते. तोबी कदी कदी उलटा पडते.

तवा कापसाले असा भाव आला होता का मानसं येडी झाली होती. सात समुद्रापल्याड कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, म्हनून आमचा चालला, असं लोकं सांगत. ज्वारीची वावरं मोडून लोकायनं कपाशी लावली. अंगनात लावली, उकिरड्यावर लावली. आगगाडी अजून आली नव्हती, सारा माल बैलगाडीनं जाये. ज्याच्याकडं दोन बैल तो राजा. माह्याकडंबी दोन होते, पन एक लंगडा होता अन् दुसरा माह्यासारखा कामचोर. व्यापारी माह्या गाडीत एक बोजा टाकत नसत. मंग मी बाजारात बसून लोकायच्या नकला करे.

त्याच सालात आमच्या गावात मिशनचा मास्तर आला. मूळ नगराकडचा, अमरावतीच्या मिशननं धाडलेला. संगं बायको, दोन पेट्या अन् एक घंटी. गावाच्या कडेले त्यायनं एक खोली उभी केली. सहा दिवस तिथं शाळा, रविवारी तिथंच प्रार्थना. गावाले तो नको होता. न्हावी त्याची दाढी करे ना. विहिरीवर त्याच्या बायकोले साऱ्यायच्या मांगून पानी भेटे. तरी हा मानूस सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करे, हगवनीनं पडलेल्याच्या उशाशी पेज घेऊन बसे, कोनाचंबी पत्र फुकट लिहून देये. इतकं चांगलं मानूस मले पाहवत नसे. त्यात तोंडानं तिखट.

एक दिवस बाजारात मी त्याचीच नक्कल करून राहिलो होतो. डोक्याले पागोटं, काखेत छत्री, हातात कुठूनतरी आनलेलं फाटकं पुस्तक. "बंधूंनो, पोरांना शाळेत धाडा!" लोकं पोट धरून हासत होते. मास्तर मांगंच उभा होता, मले काय ठाऊक!

"आवाज अगदी माझाच काढलास," तो म्हनला. "फक्त पुस्तक उलटं धरलं आहेस."

लोकं मंग अजून हासले. पन आता माह्यावर. ते हासनं माह्या आंगात काट्यासारखं राह्यलं.

फाल्गुनात त्याच्या खोलीचं गवताचं छप्पर जळालं. मी जाळलं नाही. मी फक्त पानी आनायले उशीर केला. चैत्रात मास्तर माह्या दारात आला.

"तुझे बैल रिकामेच आहेत ना?"

"एक लंगडा हाये, मास्तर."

"माहीत आहे. धड असता तर मला कोणी दिला असता? बाकी सगळ्या गाड्या कापसाला लागल्यात." तो खाली बसला. "मिशनच्या साहेबांचं पत्र आलंय. पावसाआधी पक्कं छप्पर झालं नाही तर शाळा बंद, आणि आम्ही परत अमरावतीला. खारी माती लागेल. आणशील?"

"आनतो नं."

आमच्याकडं लाकडावर पऱ्हाट्या, म्हंजे कपाशीच्या वाळल्या काड्या, अंथरून वरून खारी पांढरी माती घालतात, त्याले धाबं म्हनतात. त्या मातीतून पानी उतरत नाही. काळी माती उन्हात भेगाळते अन् पान्यात फुगते. छपरावर काळी माती घालनारा मानूस वऱ्हाडात जन्मत नाही. मास्तर वऱ्हाडातला नव्हता, अन् मी होतो.

मी माह्या वावरातून गाडीमांगं गाडी काळी माती आनली. वरून बोटभर खारी पसरली. मास्तर धोतर खोचून घमेली वाहे, त्याची बायको हात देये.

"खाली काळी का दिसते रे?" मास्तरनं विचारलं.

"ओली हाये म्हनून."

त्याले ते पटलं. रविवारी त्यानं प्रार्थनेत माहं नाव घेऊन देवाले सांगतलं का याचं भलं कर. मी भिंतीआडून आयकत होतो. मंग बाजारात जाऊन त्याचीबी नक्कल केली.

आषाढात खोली अशी गळाली का मास्तर छत्री उघडून तिच्याखाली पाट्या ठेवे अन् पोरं ओली बसवे. चार-पाच पोरायच्या माया येऊन आपापली पोरं परत घेऊन गेल्या. मी बाजारात रोज त्याची खबर देये. आठ-दहा दिवसायनं पाह्यतो तं धाब्यावर हिरवं हिरवं. दोन-दोन पानायचे कोंभ, दाट. माह्या वावरात सरकी सांडेल होती, ती मातीसंगं वर गेली, हे माह्या टकुऱ्यात आलंच नव्हतं.

"बाप्पा! आता देवाच्या घरावरबी कपाशी!" लोकं पाराहून म्हनाले.

एक म्हातारा कास्तकार कपायावर हात धरून वर पाहे. "खाऱ्या मातीत सरकी उगवते काय रे? कोन्या वावराची माती हाये ते?"

सारी मुंडकी माह्याकडं फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोंभ उपटायले धाब्यावर चढलो. खाली पोरं पाढे म्हनत होती. मी वाकून उपटत होतो, माती पायाखाली लोन्यासारखी. खालून "बे सक बारा" झालं, अन् मी मातीसकट, पऱ्हाट्यांसकट मास्तरच्या मेजावर येऊन बसलो. हातात कपाशीचे कोंभ तसेच. एक पोरगी घाबरून का होईना, पन म्हनलीच, "बे सत्ते चौदा."

मास्तरनं आधी एकेका पोराचं डोकं चाचपलं. कोनाले लागलं नव्हतं. मंग तो माह्याकडं आला. माह्या मुठीतली माती त्यानं आपल्या बोटायवर चोळली.

"काळी," तो म्हनला.

मले वाटलं आता हा मारते. मारलं असतं तं मी ओरडलो असतो, लोकं आले असते, माहंबी काही वजन राह्यलं असतं. पन तो खाली चिखलात बसला.

"आठ दिवसांनी साहेब बघायला येताहेत," तो म्हनला. "गेली शाळा."

त्याच्या बायकोनं माहा मुरगळलेला पाय बांधला. असा आवळला का माह्या डोयात पानी आलं. ते तिनं मुद्दाम केलं असं मी आजबी म्हनतो.

तेवढ्यात माही बायको धावत आली. तिनं छप्पर पाह्यलं, मले पाह्यलं, अन् मास्तरले म्हनली, "खारी माती आमच्या बैलायच्या कोठ्यावर हाये, हातभर. याच्या बापानं घातली होती. थे काढून घ्या."

"अवं, मंग बैल कुठं बांधू?"

"घरात बांधीन. तू कोठ्यात राह्य."

चार दिवस उघडीप पडली. मी लंगडत लंगडत माह्याच बापाची माती माह्याच डोक्यावर वाह्यली. एक मानूस मदतीले आला नाही. पारावर बसून लोकं माह्या लंगडन्याची नक्कल करत. चांगली करत, हेबी सांगतलं पायजे. मास्तर माह्यासंगं माती वाहे. पन पाह्यजे तं तोंडानं न सांगता बोटानं दाखवे, इथं टाक, तिथं दाब.

साहेब आला त्या दिवशी पानी नुसतं कोसळत होतं. घोड्यावरून उतरला, आत गेला, अन् लय वेळ वर पाहत उभा राह्यला. एक थेंब नाही. पोरायनं त्याले गानं म्हनून दाखवलं.

"छप्पर कोणी घातलं?" साहेबानं विचारलं.

मास्तर खोटं बोलत नसे. "याच गृहस्थांनी," दारात उभ्या माह्याकडं बोट करून तो म्हनला. "दोनदा."

साहेबाले काय समजलं देव जाने, पन त्यानं माहा हात हातात घेऊन हलवला. शाळा राह्यली. साहेब अंजनगावाकडं गेला, अन् चारचौघायनं पाह्यलं का गोऱ्या साहेबानं माहा हात धरला.

मी फुगलो. शाळेच्या पायरीवर पाय लांब करून बसलो. मास्तर ओल्या पाट्या पुसून राह्यला होता. माह्या मनात आलं, आता सारं मिटलं. म्हनलं याच्या तोंडून ऐकूनच घेऊ.

"मास्तर, मंग माफ केलं नं मले?"

त्यानं पाटी पुसता पुसताच सांगतलं, "माफ केलं. ते मला करावंच लागतं. पण तू मला आवडत नाहीस. ऊठ पायरीवरून, पोरं यायची वेळ झाली."