न फाटणारा कोट

वस्तू टिकाऊ असावी हे मलाही मान्य आहे. पण व्हर्ना साल्मेलाचा राखाडी कोट दिसला की माझं डोकं फिरायचं. मी तिची शेजारीण, मार्लिस. अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तर भागातल्या आमच्या खाणगावात आमची स्वयंपाकघरं समोरासमोर आहेत, त्यामुळे तिच्या घरात काय चाललंय ते मला न विचारता कळतं.

तो कोट तिच्या नवऱ्यानं, आर्वोनं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आणला. खाणीतला अर्धा पगार त्यात घातला. जाड लोकर, मजबूत शिवण आणि वर लोकरीच्या गिरणीची हमी: कधीही फाटला तरी फुकट दुरुस्त करून देऊ. व्हर्नाला लाल हवा होता. "लाल विटतो," आर्वो म्हणाला, आणि विषय संपला.

आर्वो कंजूष नव्हता, हे मी त्याच्याशी कडाकडा भांडून झाल्यावरही म्हणेन. त्याचा बाप दरवर्षी स्वस्तातले बूट घ्यायचा. ते दरवर्षी ऐन थंडीत उसवायचे, आणि एका वर्षी त्यापायी लहानग्या आर्वोच्या पायाची दोन बोटं गारठून गेली. तेव्हापासून आर्वोचं एकच पालुपद. "एक ना धड भाराभर चिंध्या! घ्यायचं ते एकदाच, पण उत्तम." शेगडी, सोफा, पलंग, सगळं तसंच घेतलेलं, आणि सगळं राखाडी नाहीतर तपकिरी. जे मोडत नाही ते बदलायचं नाही. त्याचं चुकत होतं असंही म्हणायची सोय नव्हती. माझ्या कोटांचं तीन-चार हिवाळ्यांत पोतेरं व्हायचं, आणि त्यांच्या दोन्ही मुली वाचवलेल्या पैशांवर कॉलेजात शिकल्या.

"पैसे वाचले गं," शनिवारी सौनाच्या वाफेच्या खोलीतून बाहेर पडताना व्हर्ना एकदा म्हणाली. "पण लग्नाच्या वर्षी दिसायचे तशीच अजून दिसते मी. म्हातारा झालाय तो फक्त चेहरा."

चाळिशी उलटल्यावर तिनं तो कोट संपवायचा चंगच बांधला. कोंबड्यांच्या खुराड्यात तोच, लाकडं फोडतानाही तोच. तरी ढिम्म! शेवटी तिनं काटेरी तारेत बाही अडकवली आणि जीव खाऊन ओढली. मग माझ्याकडे कॉफीला आली. "गेला एकदाचा!" म्हणाली. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

आर्वोनं कोट खोक्यात बांधला आणि गिरणीकडे पाठवून दिला. महिन्याभरात तो परत आला, नवी बाही आणि नवं अस्तर लावून. "एक पैसा घेतला नाही त्यांनी!" आर्वो घरभर नाचत होता. "आता जन्माची काळजी मिटली तुझी." व्हर्ना "छान" म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

पुढच्या वसंतात चर्चच्या तळघरात जुन्या कपड्यांची विक्री होती. तिनं गुपचूप कोट त्या ढिगात सरकवला. आणि नेमका आर्वोच टेबलांमधून फिरत आला. "कुण्या मूर्खानं सोनं टाकलंय बघा!" असं म्हणत त्यानं कोट उचलला, बाही पाहिली आणि हसत सुटला. "अगं, हा तर तुझाच! चुकून आला की काय?" त्यानं दोन डॉलर मोजून तो सोडवला. मी तोंड उघडणार होते, पण व्हर्नानं माझा हात घट्ट दाबला.

"सांगून का टाकत नाहीस त्याला?" मी नंतर विचारलं.

"काय सांगू? ज्याची बोटं गारठून गेली, त्याला सांगू की मला लाल रंग आवडतो?"

ती साठीला आली तेव्हा मात्र माझा संयम संपला. तिला माझ्या गाडीत घातलं आणि सरळ डुलुथ शहरात नेलं. दुकानदारानं लाल रंगाचा एक भारी कोट काढला. "वीस वर्षं बघायला नको," म्हणाला. "मग नको," व्हर्ना म्हणाली. तिनं पातळशा कापडाचा, स्वस्तातला लाल कोट घेतला. आरशासमोर ती इतक्यांदा वळली की मलाच डोळे पुसावे लागले.

घरी आल्यावर ती दारातच थांबली. "मला हवा होता. घेतला," तिनं सांगितलं. मी वादळाची वाट पाहत होते. आर्वोनं कॉलर चिमटीत धरून शिवण बघितली. "खुलतो तुला," तो म्हणाला. "पण दोन हिवाळ्यांच्या वर नाही जायचा." बस, एवढंच. मला वाटलं, सुटली बिचारी.

सोमवारी कडाक्याची थंडी होती. खिडकीतून पाहते तर व्हर्ना पोस्टात निघालेली, अंगात तोच राखाडी! मी घरातल्या सपाता घालूनच बर्फातून धावले.

"लाल कुठाय?"

तिनं मला आत नेऊन कपाट उघडून दाखवलं. लाल कोट जुन्या चादरीत गुंडाळून टांगला होता.

"अगं, घाल की मेला! कशाला जपतेस?"

"घालेन ना. कुठे खास जायचं असलं की."

"आपल्या गावात खास काय असतं, बये?"

तिनं चादर नीट केली आणि कपाट लावून घेतलं.

"माझ्या आवडीची ही एकच तर वस्तू आहे, मार्लिस. रोज घातला तर संपून जाईल गं," ती म्हणाली, आणि राखाडी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून पोस्टाकडे चालू लागली.