पाण्यापर्यंतची दोरी

चहाचा ग्लास तो डाव्या हातात धरायचा. उजवा मोकळा ठेवायचा, कारण उजव्या हाताला काम असायचं.

कात्री कुणाच्या हातात द्यायचा नाही. टेबलावर ठेवायचा, मग समोरच्यानं उचलायची.

कारखान्याच्या दारात शेठनं टांगलेल्या लिंबू-मिरच्या तो मानत नव्हता. पण आत येताना त्यांना डोकं लागू नये म्हणून वाकायचा.

कातरण न्यायला माणूस आला की त्याला थांबवायचा. गोणीतून लांब लांब पट्ट्या वेचून घ्यायचा. मग बोलता बोलता त्यांची वेणी घालायचा, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून.

आणि बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीतून कधीकधी डोळे मिटून चालायचा.

आनंदा साळवे. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. मी बी. ए. मराठी करून त्याच कारखान्यात पार्सलांवर पत्ते लिहायला लागलो होतो. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला 'बीए' म्हणायचा. तो गेला, त्याला अजून महिनाही झालेला नाही. मला नीट सुचत नाही. तरी लिहितो.

त्याची बायको गंगूवहिनी. तिचं माहेर बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावामागच्या जंगलात एक धबधबा आहे. गावातले त्याला धबधबा म्हणत नाहीत, नुसतं 'पाणी' म्हणतात. लहानपणी वहिनी सगळ्यांच्या आधी, एकटी पाण्यावर जायची. पुढे तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. हळूहळू उरलेलीही गेली.

त्या वर्षी माहेरी गेली तेव्हा भावजय म्हणाली, "चला वन्सं, हात धरून नेते पाण्यावर."

वहिनी ओट्यावरून उठली नाही. परत आल्यावर दादाला म्हणाली, "माझ्या गावच्या पाण्यावर मी कुणाचा हात धरून जायची नाय. तुमचा पण नाय."

"मग नको जाऊ," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो कातरण वेचायला लागला.

शेठ एकदा टेबलाशी येऊन उभा राहिला. "आनंदा, इस चिंधी का क्या करता है? गोदडी?"

"रस्ता बनाता है, सेठ."

"पागल है तू," शेठ म्हणाला. पण त्या दिवसापासून लांब पट्ट्यांची गोणी त्यानं बाजूला ठेवायला सांगितली.

रविवारी आम्ही दोघं जायचो. बदलापूरला उतरून टेम्पो, मग पायी. खांद्यावर निळ्या दोरीची वेटोळी. गाव संपलं की सागाची झाडं लागतात. मग ऐन, कुडा, करवंदीच्या जाळ्या. वाट ओहोळाच्या कडेनं चढत जाते. दगडांवर शेवाळ. मध्येच उजव्या हाताला दरीसारखा खळगा आहे, कारवीनं झाकलेला. दिसत नाही, म्हणूनच वाईट. तो ओलांडला की पाण्याचा आवाज छातीत वाजायला लागतो. वळण घेतलं की समोर काळा कडा आणि त्यावरून पडणारं पांढरं पाणी. पहिल्यांदा मी त्याच्याकडेच बघत राहिलो. दादा पाण्याकडे बघतच नव्हता. तो दोरी कुठवर पुरली ते बघत होता.

दोरी झाडापासून झाडाला, कमरेच्या उंचीवर. तिच्यात गाठी. बारीक गाठ लागली की वाट वळते. लांबट गाठ लागली की उतार. मुठीएवढी जाड गाठ म्हणजे थांब, पायानं चाचप, मग पुढे. दादा आधी स्वतः डोळे मिटून चालायचा. ठेच लागली की तिथे गाठ.

"दादा, मी सांगतो ना कुठे दगड आहे ते."

"तुझे डोळे उघडे आहेत, बीए. तुझा काय उपयोग?"

गुरं चारणारे लोक बघायचे. कुणी काही विचारत नव्हतं. एकदा दोरीचा एक तुकडा म्हशीच्या गळ्यात दिसला. दादानं म्हशीला हात जोडले आणि नवा तुकडा वळला.

दोरी खळग्याच्या पुढे गेली, तेव्हा श्रावणात एका रविवारी वहिनीला आणलं. घरी दाराच्या कडीला तसाच दोरीचा तुकडा बांधून तिनं तिन्ही गाठी पाठ केल्या होत्या. तिनं पदर खोचला, दोरीला हात लावला आणि निघाली. दादा चार पावलं मागे. मी त्याच्याही मागे.

सागापर्यंत ती भरभर गेली. मग थांबली. तिच्या हाताखाली जाड गाठ होती. तिनं पायानं चाचपलं. सपाट जमीन. पुढे निघाली, परत जाड गाठ. परत थांबली. मग एकदम पाच-सहा गाठी.

"अहो, तुमची दोरी तोतरी बोलतीय," ती म्हणाली.

दादा पुढे वाकून बघत होता. दोरीवर त्याच्या नसलेल्या गाठी होत्या. लाल सुताच्या, साडीच्या काठाच्या, एक तर लंगोटाच्या नाडीची. आदल्या रविवारी पावसामुळे आम्ही आलो नव्हतो. तेवढ्यात हे झालं होतं.

"गंगू, थांब," तो म्हणाला.

पण ती वैतागली होती. पुढच्या दोन जाड गाठींवरून तिनं तसाच हात नेला. तिसरी दादाची होती, खळग्याची. तिच्यावरूनही नेला.

तिचा पाय घसरला. दादा झेपावला आणि हात पुढे करून थांबला. कारण वहिनीनं दोन्ही हातांनी दोरी धरली होती आणि दोरी तुटली नव्हती. ती चिखलात बसली. दादाचा हात तिच्या खांद्यापासून वीतभर लांब होता. त्यानं तो लावला नाही. तिला उठता आलं नसतं तर लावला असता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. ती उठली.

"आज नाय," ती म्हणाली. "दोरी नीट करा. मग येते."

दोरी धरूनच परत फिरली.

गावात राजाबाई भेटली. म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा. दादानं तिला विचारलं, या गाठी कुणाच्या.

"आमच्या बायांच्या. एक माजी."

"का बांधल्या?"

"आता का? तूच तं डोळं मिटून एकेक गाठ मारीत चालला व्हतास. दर ऐतवारी. कुनाशी बोलत नाय. आमाला वाटलं, मोठा नवस हाय याचा. आमी बी बांधली." तिनं भारा सावरला. "फळला पन. म्हशीला दूध आलं."

वहिनी चिखलानं भरलेली होती. तरी हसायला लागली. दादा हसला नाही.

परतताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी कात्री आणू. सगळ्या कापून टाकू. जीव गेला असता."

"दुसऱ्याची गाठ आहे, बीए. ज्यानं मारली त्यानं सोडायची."

आणि तो खरंच तसं वागला. त्यानं दुसरी दोरी वळायला घेतली. तितकीच जाड, तितकीच नीट. गावाच्या तोंडाशी उंबर आहे, त्याला वेढे देऊन बांधली. मग घरोघर जाऊन सांगितलं, नवसाची दोरी ही, ती गंगूची वाट आहे. रविवारी बाया येऊन आपापली गाठ ओळखायच्या, सोडायच्या आणि उंबरावर बांधायच्या. दादा शेजारी उभा राहून दोरी ताणून धरायचा. राजाबाईची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. ती त्यानं तिच्या परवानगीनं दातानं सोडवली.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस," वहिनी घरी म्हणाली, "आणि देवाची दोरी वळतोय."

"देवाची नाय. बायांची."

त्यात पाऊस संपला. पाण्याची दोरी पुढे सरकलीच नाही.

पुढच्या वर्षी त्यानं ती मोठ्या जांभळापर्यंत नेली. तिथून पाणी समोर दिसतं. जांभळापुढे सगळे ओले खडक आहेत. वहिनी जांभळापर्यंत एकटी गेली. नको तिथे कुठेच थांबली नाही. खळग्याशी बरोबर थांबली. जांभळाखाली उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडावर तुषार आले. तिनं ते पुसले नाहीत.

"अजून किती आहे?" तिनं विचारलं.

"एक दोरी," दादा म्हणाला. "तुमच्या गावच्या बायांनी उशीर केला."

"मग वळा बिगीबिगी."

आम्ही तिथूनच परत आलो.

या पावसाळ्याच्या आधी त्याला कावीळ झाली. घरगुती औषधांत दिवस गेले. दवाखान्यात नेलं तेव्हाही पिशवीत पट्ट्या होत्या. सिस्टर ओरडली, कॉटवर चिंध्या नकोत म्हणून. त्यानं त्या उशीखाली ठेवल्या. तिची पाठ फिरली की टोक अंगठ्यात अडकवायचा. सलाइन लावलेला हात नीट चालत नव्हता. शेवटची वीतभर वेणी सैल आली आहे.

ती दोरी आता त्याच्या घरात खुंटीला आहे. जांभळापासून खडकांवरून पाण्याच्या काठापर्यंत बांधायची होती. अर्धी वळून झाली आहे. गाठी मारायच्या राहिल्या आहेत. खाली तीन पट्ट्या सुट्या लोंबतात.