अण्णांच्या आवाजाची डिस्क

तुळजापुरात आमच्या घरी पुजारीपण पिढीजात. यजमान दर्शनाला आला की त्याच्या गावाची वही काढायची आणि खापरपणजोबापर्यंतची नावं वाचून दाखवायची, ही रीत. जुन्या वह्या मोडी लिपीतल्या, शाई उडालेली. निम्मं नजरेनं, निम्मं पाठांतरानं वाचणारे एकटे माझे वडील, अण्णा. त्यांची नजर जायला लागली तेव्हा मी त्यांना माइकपुढं बसवलं. दोन हिवाळे त्यांनी वाचलं, गावागणिक एक फाइल. वह्या संपल्या आणि नजरही गेली.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. डिस्कचे दोन भाग होते, एकात माझी लग्नं, दुसऱ्यात अण्णांचा आवाज. लग्नसराईत माझा भाग भरला. म्हटलं, मधल्या मोकळ्या जागेत वाढवू. घाई तर माझ्या पाचवीलाच पुजलेली. माझा भाग कुठं संपतो तो आकडा हातानं टाकला, तो चुकला आणि माझं पार्टिशन अण्णांच्या पार्टिशनवर चढलं. एकाच वावराचे दोन सातबारे! मला पत्ताच नाही. आठवडाभर त्यात लग्नं ओतत राहिलो.

एका सकाळी अण्णांचा भाग उघडेना. अण्णा रोज चाचपडत बटण दाबून स्वतःचं वाचन ऐकत बसायचे. मी त्यांच्यावरच खेकसलो, "काय दाबलं तुम्ही? हज्जारदा सांगितलं, हात लावू नका म्हणून!"

"लागला असंल बाबा," अण्णा म्हणाले.

आधी अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवली, मूळ डिस्कला धक्का नको म्हणून. मग आकडे ताडून पाहिले तेव्हा चूक कुणाची ते कळलं. माझी हद्द मागं घेतली. अण्णांच्या भागाची सुरुवातीची नोंद पुसली गेली होती. तिची नक्कल शेवटाला असते, ती जागेवर बसवली. फाइली दिसल्या! एकेक ऐकली. परंड्याकडच्या एका गावाची तेवढी नुसती खरखर. त्या जागेवर माझी कुठली तरी वरात बसली होती.

अण्णांना म्हणालो, "आलं सगळं." ते एक गाव आणि माझी चूक, दोन्ही गिळलं. सांगू उद्या, सांगू परवा.

श्रावणात नेमकं त्याच गावचं कुटुंब आलं, तान्हं लेकरू घेऊन. खापरपणजोबाचं नाव ठेवायचं होतं आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"लाव रे," अण्णा म्हणाले.

"ती फाइल गेली, अण्णा."

त्यांनी आठवून बघितलं. दोन नावं आली, तिसऱ्याला अडले. मग लेकराच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात जोडले. "माफ करा यजमान. त्या दिवशी माझाच हात लागला. तुमचं गाव माझ्या हातनं पुसलं."

"असू द्या महाराज, न्हाय तर न्हाय," लेकराची आजी म्हणाली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही. लाज वाटते सांगायला, पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं.

अण्णा आता कॉम्प्युटरजवळ बसत नाहीत. ऐकायचं झालं की मला हाक मारतात, "तूच लाव बाबा, माझा हात नको." मी लावतो.